चंदरच्या खडपाची खूण

पणजी
१८ नोव्हेंबर २०२३

रावजीमामा,

आधी पाया पडते. विनेशदादाला फोन केला होता. तो म्हणाला, "बाबांशी फोनवर बोलून काय उपेग न्हाय. मी वरडून इचारतो जेवलास का, तो सांगतो वारा उत्तरेचा हाय. तू आपली पत्रच लिव." म्हणून हे पत्र. आई म्हणते, तुझा मामा जुनी सातवी पास आहे, उत्तर नक्की देईल आणि तुझ्या चुकाही काढील.

काम असं आहे. तुमच्याकडे नवी जेट्टी होणार हे तुम्हाला माझ्याआधी कळलं असेल. मोठ्या बोटींसाठी समुद्रात खोल वाट खणणार आणि खणलेला गाळ दूर नेऊन टाकणार. त्यासाठी नकाशावर जो चौकोन आखलाय, त्यातच तुमच्या आजोबांचा, चंदरचा खडप येतो असं आई म्हणाली. नकाशात तिथे पाण्याखाली खडक नाहीच, नुसता चिखल दाखवलाय. त्या चौकोनात मासळी आहे की नाही हे बघायचं काम आमच्या संस्थेकडे आलंय आणि संस्थेतून माझ्याकडे. मासळीची जागा निघाली तर चौकोन हलवावा लागेल, तसा नियम आहे. नाही निघाली तर गाळ तिथेच पडणार.

यात जाळं टाकायचं नाही, एकही मासा मारायचा नाही. एक लोखंडी चौकट आहे, तिच्यावर दोन कॅमेरे आणि दिवा. पुढे हातभर दांडा, दांड्याच्या टोकाला जाळीची पिशवी, पिशवीत कुटलेली तारली. चौकट दोराने तळाशी सोडायची, तासभर ठेवायची, वर काढायची. वासाने जे जे येईल त्याचं चित्रण होतं. सोडलेली जागा यंत्र आपोआप नोंदतं. मग मेमरी कार्ड माझ्याकडे पाठवायचं, मी इथे बसून मासे मोजणार.

त्या खडपाची जागा तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तुम्ही कराल का?

तुमची मृणाल


कोळीवाडा, ता. अलिबाग
२ डिसेंबर २०२३

मृणाल पोरी,

पत्र मिळालं. चुका दोन सापडल्या, भेटलीस की सांगेन.

काम करतो. न करून सांगतो कुणाला? त्या खडपावर माझ्या आजोबांनी घर उभं केलं, बापाने बहिणींची लग्नं केली, तुझी आई गोदू आमच्याकडे सुट्टीला यायची तेव्हा तिथलेच हेकरू खाऊन जाड व्हायची. मी आठ वर्षांत तिथे गेलेलो नाही. कान गेले तसा विनेशने मला होडीवरून उतरवला आणि स्वतः कारखान्यात कंत्राटावर गेला. होडी मेव्हण्याकडे होती, तो किनारा सोडून जात नाही. आता गेल्या वर्षी विनेश परत होडीवर आलाय. पण तो खडप त्याला ठाऊक नाही.

खुणेचं आधीच सांगून ठेवतो. समुद्रात पाट्या नसतात. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकीमागे एक धरायच्या, दुसऱ्या बाजूला आणखी दोन, आणि दोन्ही रेषा जिथे भेटतात तिथे खडप. ही खूण आजोबांनी बापाला दिली, बापाने मला, तीही होडी हातात देताना, नारळ ठेवून. विनेशला मी अजून दिलेली नाही. घाई कसली आहे? आता माझ्याकडे माझं म्हणावं असं तेवढंच राहिलंय. मी पुढे बसून हात दाखवीन, तो तिकडे होडी नेईल. तू कागदावर खूण मागू नकोस. लिहिली तर वाचून फाडावी लागेल. तुझ्या यंत्राला आकडे नोंदवायचे तर नोंदवू दे, आकडे कुणाला कळतात?

तुझी मामी आवडाबाई तारलीवरून भांडते आहे. तारली आमच्याकडे आता मिळत नाही, अलिबागच्या बाजारात खालून, दक्षिणेतून ट्रकने येते तीच घ्यावी लागेल. ती म्हणाली, "मासा बघाला मासाच इकत आनाचा, ह्यो कंचा धंदा?" मला तेवढंच ऐकू आलं. सोयीचं तेवढं मला ऐकू येतं असं तिचं म्हणणं आहे.

ये एकदा. गावदेवीचं नवं देऊळ तू पाहिलेलं नाहीस. जुन्याच्या पायऱ्या समुद्राने नेल्या, म्हणून पाच वर्षांपूर्वी शाळेजवळ नवं बांधलं. समितीत मी होतो, कळस मी चढवलाय. उन्हात लांबून समुद्रातूनसुद्धा चमकत असेल.

रावजीमामा


कोळीवाडा
६ जानेवारी २०२४

मृणाल,

सोबत पहिली चार कार्डं आहेत. परवा अष्टमी होती, भांगाचे दिवस, पाण्याला ओढ कमी आणि गढूळपणाही कमी. चार वेळा चौकट सोडली. विनेश पिशवी बांधतो, मी दोर सोडतो. आठ वर्षांनी हातात दोर आला, रडू आलं. विनेशला वाटलं खारं पाणी उडालं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. चंदरच्या खडपावर दोर नऊ वाव जातो. दोन्ही हात पसरून मोजलेला वाव, आजोबांपासून तोच आकडा. या वेळी अकरा गेला. हात आखडले म्हणावं, तरी दोन वावांचा फरक पडायचा नाही. तू बघ काय दिसतं ते.

रावजीमामा


पणजी
१९ जानेवारी २०२४

रावजीमामा,

चारही कार्डं पूर्ण पाहिली, प्रत्येकी एक तास.

पहिल्या कार्डात दोन खेकडे. ते पिशवीशी झोंबले आणि कंटाळून गेले. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्यात एक शिंगाळा आला, तोंड लावून गेला. चौथ्यात प्लॅस्टिकची पिशवी इतक्या ऐटीत तरंगत आली की मी तिला मासा समजून मोजली, मग खोडली. बाकी सगळीकडे चिखल. सपाट, राखाडी, बोटाएवढी भोकं असलेला. चार तासांत सगळ्यात जास्त मासे कुठे दिसले म्हणाल, तर मामींनी भांडून कुटलेल्या तारलीच्या पिशवीत.

मामा, एकही दगड दिसला नाही. तुम्ही नक्की खडपावरच होतात ना? विचारल्याचा राग मानू नका, विचारणं माझं काम आहे.

मृणाल


कोळीवाडा
५ फेब्रुवारी २०२४

मृणाल,

राग मानतो. तुझी आई परकर नेसत होती तेव्हापासून मी त्या जागेवर होडी उभी करतोय. डोळे बांधून सोडलंस तरी जाईन.

पुन्हा गेलो. पुन्हा दोन्ही रेषा धरल्या, सहा वेळा सोडलं. पुन्हा अकरा वाव, पुन्हा चिखल. विनेशने मोबाइलवर कार्ड लावून दाखवलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी चिखल पाहिला.

आता मला कळलंय काय झालं ते. गेली सात-आठ वर्षं इकडे-तिकडे बंदरांची उपसाउपशी चालू आहे. तो गाळ भरतीबरोबर फिरतो. त्यानेच माझा खडप गाडला. मी घरात बहिरा होऊन बसलो होतो, तेवढ्यात गाडला. मला तीन रात्री झोप नाही. तू शिकलेली आहेस, हे जसंच्या तसं लिही: इथे खडप होता, हेकरू होता, तांब होता, शेवंड होती, आणि यांच्या गाळाने तो मेला. निदान ते तरी सरकारदरबारी लागू दे. रावजी तांडेल सांगतो म्हणून लिही.

मामा


पणजी
११ मार्च २०२४

रावजीमामा,

अहवाल गेला. तुमचे शब्द मी त्यात घातले. "स्थानिक अनुभवी तांडेलाच्या माहितीनुसार येथे पूर्वी खडप होता, तो गाळाखाली गाडला गेल्याचे चित्रणावरून दिसते." आमचे साहेब म्हणाले, जुन्या माणसाची साक्ष आणि कॅमेरा एकच सांगतायत, असं क्वचित होतं. मला बरं वाटलं. आधीच एवढं नुकसान झालंय हे वाचून तरी कुणाला लाज वाटेल, निदान आणखी गाळ टाकताना दोनदा विचार करतील.

चौकट सध्या तुमच्याकडेच असू दे, पावसाळ्यानंतर गाडी पाठवते. कान तपासायला जा असं आई सांगते. मामींना नमस्कार.

मृणाल


पणजी
६ ऑगस्ट २०२४

रावजीमामा,

हे पत्र लिहायचं आठ दिवस टाळलं.

परवानगी मिळाली. गाळ त्याच चौकोनात पडणार, नोव्हेंबरच्या शेवटी सुरुवात. कागदात कारण दिलंय ते माझ्याच अहवालातून उचललेलं आहे. जागा आधीच गाळाने गाडलेली आहे, मासळी नाही, त्यामुळे तिथे आणखी गाळ टाकून नव्याने काही हानी होत नाही.

तुमचं दुःख मी लिहिलं आणि त्यांनी ते परवाना म्हणून वापरलं. मला हे आधी कळायला हवं होतं. मी तुमची माफी मागते. पण मामा, एवढं तरी मनात धरा की जे मेलंच होतं त्याच्यावर माती पडते आहे. जिवंत काही जात नाही.

मृणाल


कोळीवाडा
२४ ऑगस्ट २०२४

मृणाल,

पत्र मिळालं. तुझी चूक नाही. माफीबिफी पुन्हा लिहू नकोस.

चौकट न्यायला गाडी पाठवू नकोस. दिवाळीपर्यंत माझ्याकडे राहू दे. आणि दोन कोरी कार्डं पाठव. का ते विचारू नकोस.

रावजीमामा


पणजी
३ सप्टेंबर २०२४

रावजीमामा,

कार्डं सोबत आहेत. चौकट खुशाल ठेवा. मामींना सांगा, चौकटीवर सुकट वाळत घातली तरी संस्थेची हरकत नाही. आईला वाटतं तुम्हाला त्या चौकटीची सवय झाली असेल, पुन्हा होडीवर जायला मिळालं ना तिच्यामुळे. मला तुमचं मन समजतं.

मृणाल


कोळीवाडा
१२ नोव्हेंबर २०२४

मृणाल,

तुला माझं मन समजलं नव्हतं. मी समजू दिलं नव्हतं. आता बसून सगळं लिहितो.

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे एक रीत आहे. नवं देऊळ झालं तरी देवीचं मूळ ठिकाण जुनंच, म्हणून समुद्राला नारळ द्यायच्या दिवशी जुन्या देवळाच्या जोत्यावर काठी उभारतात, वर भगवं निशाण लावतात. ते दोन दिवस राहतं. दरवर्षी मी किनाऱ्यावरूनच हात जोडतो. या वर्षी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी विनेश पहिल्यांदा जाळं घेऊन निघाला आणि आवडाबाई म्हणाली, "ने त्याला, घरात मुका झालाय." मी गेलो.

बाहेर गेल्यावर मागे वळून पाहिलं. नव्या देवळाचा कळस चमकत होता. त्याच्या डावीकडे, बरंच उत्तरेला, ते निशाण उभं होतं. विनेश काहीतरी विचारत होता, मला काही कळलं नाही. माझी खूण कळसाची आहे, पोरी. कनकेश्वराच्या डोंगराच्या खिंडीखाली देवीचा कळस धरायचा. आजोबांनी धरला तो जुन्या देवळाचा कळस. बापाने तोच धरला. मी जानेवारीत होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला बसलो, किनाऱ्याकडे पाहिलं, कळस दिसला, खिंडीखाली धरला. तो नव्या देवळाचा होता. सव्वाशे पावलं दक्षिणेला. इथे सव्वाशे पावलं म्हणजे तिथे समुद्रात त्याहून जास्त.

जो कळस मी या हातांनी चढवला त्यानेच मला फसवलं, असं म्हणायची सोय आहे. पण कळस कसा फसवील? देऊळ हललं हे मला ठाऊक होतं, मीच हलवलं होतं. डोळ्यांनी कळस पाहिला आणि हात आपोआप वर गेला.

पावसाळ्याच्या पाण्यात काही दिसत नाही, म्हणून थांबलो. तुला खोटी आशा लावायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर तोंड नव्हतं. गेल्या शनिवारी भांगाच्या पाण्यात गेलो. जुन्या जोत्यावर मी स्वतः काठी लावून आलो होतो, तीच खिंडीखाली धरली. दोर सोडला. नऊ वाव. नवव्या वावाला चौकट दगडावर टेकली, तो ठोका दोरातून हाताला लागला. मला कान नाहीत पण तो ठोका ऐकू आला म्हटलं तरी चालेल.

कार्ड सोबत आहे. मी विनेशच्या मोबाइलवर पाहिलं. तू बघ. आणि काही करता आलं तर कर. तारीख जवळ आली आहे.

रावजीमामा


पणजी
४ डिसेंबर २०२४

रावजीमामा,

मी ते कार्ड तीन वेळा पाहिलं. पहिल्यांदा मोजायला, दुसऱ्यांदा खात्री करायला, तिसऱ्यांदा तसंच.

चौथ्या मिनिटाला पहिला हेकरू. अकराव्या मिनिटाला एकाच चित्रात सात हेकरू आहेत. तांबचा थवा डावीकडून येतो, तो मोजता मोजता मी एकेचाळीसवर थांबले. कपारीत चार शेवंडी, मिशा बाहेर काढून बसलेल्या. एक वाम पिशवीला पीळ देते. शेवटी पाकट येते, चौकटीवरच बसते आणि पुढची नऊ मिनिटं तिच्या पोटाशिवाय काही दिसत नाही. अख्ख्या रायगडच्या किनाऱ्यावर आम्ही पाण्यात एवढ्या चौकटी टाकल्या, पण असं चित्रण आमच्याकडे दुसरं नाही.

मी ते त्याच दिवशी साहेबांकडे नेलं. ते वर घेऊन गेले, मलाही नेलं. तिथे तिघे होते, चित्रण त्यांनी दहा मिनिटं पाहिलं. एक जण म्हणाले, सुंदर आहे. मग म्हणाले, हरकतींची मुदत ऑक्टोबरात संपली. मी म्हटलं, चूक झाली आहे, जागा चुकली होती. त्यांनी विचारलं, आधीची जागा कुणी दाखवली? मी म्हटलं, रावजी तांडेलांनी. आणि ही? मी म्हटलं, त्यांनीच. ते म्हणाले, मग त्यांचं कोणतं खरं मानायचं? ते उद्धटपणे बोलले नाहीत, मामा. मला चहासुद्धा दिला. पुढच्या पाहणीत याची नोंद घेऊ म्हणाले. पुढची पाहणी गाळ टाकून झाल्यावर आहे.

आता माझंही एक सांगायचं राहिलंय. तुम्ही जानेवारीत लिहिलं होतं, दोर दोन वाव जास्त गेला. गाळाने खडप गाडला असता तर पाणी उथळ व्हायला हवं होतं. नऊचं आठ, सात. अकरा कसं होईल? ही शाळेतल्या मुलाला कळेल अशी गोष्ट आहे. मी ते वाचलं होतं. मला ते खटकलंही होतं. पण तुम्ही इतक्या खात्रीने लिहिलंत, आणि साहेब खूश झाले, आणि अहवालाची तारीख जवळ आली होती. मी खटकलेलं गिळलं. तुमच्याकडून हात चुकला. मी तर समोर आकडा दिसत असताना सही केली.

बातम्यांत पाहिलं, काम सुरू झालंय.

मृणाल


कोळीवाडा
२३ फेब्रुवारी २०२५

मृणाल,

उत्तराला उशीर झाला. आजारी नव्हतो. लिहिण्यासारखं नव्हतं.

गाळाची बोट रोज दोनदा येते. मधोमध उभी राहते, तिचं पोट खालून उघडतं आणि ती हातभर वर उचलली जाते. मग पाणी लाल-काळं होतं. आवाज होत असेल, मला येत नाही. पहिले काही दिवस मी किनाऱ्यावर बसून बघायचो. आवडाबाईने येऊन उठवलं. म्हणाली, "बघून थांबनार हाय का ती?" ते खरं आहे, म्हणून आता बसत नाही.

परवा भांग होता, बोटीला सुट्टी होती. विनेशला म्हटलं, एकदा चल. शेवटची तारली कुटली. दोर सात वावांवर थांबला. या वेळी ठोका लागला नाही, चौकट मऊ बसली. तू म्हणाली होतीस तसं, नऊचं सात. मी तुला गेल्या वर्षी जे खोटं लिहिलं, ते आता खरं झालंय. आता कुणी पाहणीला आलं तर माझी आणि कॅमेऱ्याची साक्ष जुळेल.

कार्ड पाठवत नाही, विनेशच्या मोबाइलवर पाहिलं, पुरे झालं. सगळा गाळाचा धूर. बाविसाव्या मिनिटाला त्या धुरातून एक हेकरू आला. मोठा होता, अंगावर गाळ बसलेला. त्याने तारली खाल्ली नाही. चौकटीला एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि चौकटीच्या खालीच तोंड घालून बसला. हेकरू आपली कपार सोडून जात नाही, हे आम्ही पोरपणी शिकतो. गळ टाकायला ते बरं पडायचं. त्याला वाटलं असेल, ही लोखंडी चौकट म्हणजे दगड आहे. आम्ही ती वर ओढली तेव्हा तो बाजूला झाला असेल. ते चित्रात नाही. मला त्याच्याखालून ती काढून घ्यायला नको होती, पण चौकट संस्थेची आहे. गाडी पाठवलीस तर धुऊन ठेवली आहे.

विनेशला खूण रीतीने द्यावी म्हणून गेल्या आठवड्यात बसलो. पाट मांडला, नारळ ठेवला. मी तोंड उघडायच्या आत तो वाकून माझ्या चांगल्या कानाशी बोलला, "बाबा, आता तिथं काय हाय?" त्याचं चुकलं नाही. पहिल्या तारखेपासून तो परत कारखान्यात कंत्राटावर जातोय. होडीला गिऱ्हाईक बघतोय. नारळ कोनाड्यात तसाच आहे. मी वेळेवर दिली असती तर जानेवारीत होडीवर दोन माणसांना खूण ठाऊक असती. त्याचे डोळे तरणे आहेत, तो म्हणाला असता, बाबा, देऊळ हललंय ना. एवढं एकच वाक्य. मी ते त्याला बोलू दिलं नाही, कारण मला माझं म्हणून काहीतरी मुठीत ठेवायचं होतं.

तेव्हा आता तुला देतो. कुणाला तरी दिली पाहिजे, नाहीतर ती माझ्याबरोबर जाईल आणि वर गेल्यावर चंदर मला विचारील.

पूर्वेला कनकेश्वराच्या डोंगराची खिंड, तिच्याखाली गावदेवीचा जुना कळस. कळस नाही आता, पण जोतं आहे. त्यावर काठी लावायची. दक्षिणेला खांदेरीचं दीपगृह, ते उंदेरीच्या पश्चिम टोकाला नुसतं शिवलं पाहिजे, मागे जाता कामा नये. दोन्ही जमलं की इंजिन बंद करून दोर सोडायचा. नऊ वाव.

वाचून झाल्यावर पत्र फाडायची गरज नाही.

रावजीमामा